चक्कर, कान आणि यंत्राची नजर

८ जानेवारी १८६१ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे प्रॉस्पेर मेनिएर यांनी एक निबंध वाचला. मेनिएर हे तेथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य होते. एकाएकी घर गरगरू लागणे, ओकाऱ्या होणे, कानात आवाज घुमणे आणि ऐकू येणे मंदावणे अशी लक्षणे एकत्र दिसली, की त्या काळचे वैद्य मेंदूत रक्त दाटल्याचे निदान करीत आणि रुग्णाचे रक्त काढीत किंवा त्याला जळवा लावीत. या रोगाचे मूळ मेंदूत नसून आंतरकर्णात आहे, असे मेनिएर यांचे प्रतिपादन होते.

त्यांच्यापाशी आधार दोनच होते. पहिला आधार फ्लुराँस यांच्या कबुतरांवरील जुन्या प्रयोगांचा होता: कानातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदताच पक्षी गरगर फिरू लागत. दुसरा आधार एका तरुणीच्या शवविच्छेदनाचा होता. थंडीत प्रवास केल्यावर ती एकाएकी बहिरी झाली, तिला सतत चक्कर येत राहिली आणि पाचव्या दिवशी ती दगावली. तिचा मेंदू निर्दोष आढळला. विकृती आढळली ती या नलिकांत, तांबूस स्रावाच्या रूपाने. आज ज्या आजाराला मेनिएर यांचे नाव आहे तो या मुलीला बहुधा नव्हताच, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. उदाहरण चुकीचे आणि निष्कर्ष बरोबर, असा हा विज्ञानाच्या इतिहासातील एक चमत्कारिक प्रसंग. अकादमीने निबंधाचे थंडच स्वागत केले आणि पुढच्याच वर्षी मेनिएर वारले.

शंकेचे निरसन होण्यास इतका काळ का लागला, हे कानाची रचना पाहिली की कळते. तोल सांभाळणारे अवयव कानशिलाच्या हाडात खोल दडलेले आहेत, आणि त्यांच्याभोवतीचे कवच शरीरातील सर्वांत कठीण हाडांपैकी एक आहे. या कवचात एक द्रव असतो, त्यात अतिशय पातळ पडद्याची एक पिशवी तरंगते आणि त्या पिशवीत वेगळ्या रासायनिक घडणीचा दुसरा द्रव असतो. सारा मिळून ऐवज काही थेंबांचा. जिवंत माणसात तिथे सुई घालून नमुना घ्यावा, तर त्याचे ऐकणेच जाण्याची भीती. म्हणून कानाच्या या भागाचे ज्ञान दीर्घकाळ मृतांच्या हाडांवरच अवलंबून राहिले.

१९३८ साली ओसाकात यामाकावा यांनी आणि लंडनमध्ये चार्ल्स हॉलपाइक व ह्यू केर्न्स यांनी, एकमेकांची माहिती नसताना, मेनिएरच्या रुग्णांची कानशिलाची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. लंडनचे दोन्ही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर मृत्यू पावले होते. दोन्ही शहरांत एकच दृश्य दिसले: आतली पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी फुगलेली. मेनिएर यांच्या अनुमानाला सत्त्याहत्तर वर्षांनी शरीररचनेचा पुरावा मिळाला. परंतु तो पाहण्यासाठी अजूनही रुग्णाला मरावेच लागत होते.

साध्या क्ष-किरण चित्रांनी या बाबतीत फारसे काही साधले नाही. १९७१ साली पहिल्या रुग्णावर वापरलेल्या सीटी स्कॅनने हाड मात्र बारकाईने दाखवले, आणि त्याचे एक विलक्षण फळ १९९८ साली मिळाले. मोठा आवाज झाला किंवा शिंक आली की काही लोकांना चक्कर येई. काहींना तर स्वतःची बुबुळे फिरल्याचा आवाज ऐकू येई. अशा रुग्णांना मानसिक आजाराचा शिक्का बसणे अवघड नव्हते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या कानाचे अत्यंत पातळ छेदांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा सर्वांत वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचे हाडाचे छप्परच नाहीसे झालेले दिसले. त्या भोकामुळे आवाजाचा दाब भलत्या वाटेने जाऊन तोलाच्या यंत्रणेला हलवत होता. छिद्र बुजवता येते आणि रुग्ण बरा होतो. पुढे १,००० मृत कानशिलांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे ०.५ टक्क्यांत असे भोक होते आणि आणखी १.४ टक्क्यांत हाड कागदासारखे पातळ होते. पातळ हाड स्कॅनमध्ये भोकासारखे भासू शकते, म्हणून केवळ चित्रावरून शस्त्रक्रिया करीत नाहीत.

फुगलेली पिशवी मात्र सीटीला दिसत नाही आणि साध्या एमआरआयलाही नाही, कारण आतला व बाहेरचा दोन्ही द्रव सारखेच शुभ्र उमटतात. ही कोंडी २००७ साली जपानच्या नागोया येथील त्सुतोमु नाकाशिमा व शिंजी नागानावा यांच्या गटाने फोडली. गॅडोलिनियमयुक्त औषध आठपट पातळ करून त्यांनी ते पडद्यातून मध्यकर्णात सोडले. तेथून ते आंतरकर्णाच्या बाहेरच्या द्रवात झिरपते, पण आतल्या पिशवीत शिरत नाही. एक दिवस थांबून ३ टेस्ला क्षमतेच्या यंत्राने चित्र घेतले असता बाहेरचा द्रव उजळ दिसला आणि त्यात पिशवीची काळी आकृती उठून दिसली. १९३८ साली काचपट्टीवर पाहिलेले दृश्य आता चालत्याबोलत्या माणसात दिसू लागले. पुढे औषध शिरेतून देऊन चार तासांनी चित्र घेण्याची अधिक सोयीची पद्धत रूढ झाली.

तरीही २०१५ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत मेनिएरच्या निश्चित निदानासाठी या चित्राची अट नाही. २० मिनिटे ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके, श्रवणचाचणीत कमी ते मध्यम कंप्रतेच्या आवाजांबाबत आढळलेला बधिरपणा आणि त्याच कानातील कमीजास्त होणारी लक्षणे यांवरच ते ठरते. पिशवी फुगूनही चक्कर न येणारी माणसे आढळतात, हे त्याचे एक कारण.

भारतात चक्कर येण्याचे खापर बहुधा पित्तावर, नाहीतर मानेच्या मणक्यांवर फुटते, आणि मानेचा एक्स-रे काढून प्रकरण मिटते. वास्तविक कुशीवर वळताना किंवा मान वर करताना क्षणभर घर फिरते, तेव्हा दोष बहुतेकदा कानातील कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म कणांचा असतो. ते जागा सोडून नलिकेत घरंगळतात. इतके लहान कण नेहमीच्या कोणत्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. त्यांचा शोध रुग्णाला बसवून, डोके एका बाजूस वळवून, झटकन आडवे करून आणि त्याच्या डोळ्यांची थरथर पाहून लागतो. ही चाचणी १९५२ साली मार्गारेट डिक्स आणि त्याच हॉलपाइक यांनी मांडली. ज्यांनी १९३८ साली मृतांच्या हाडांत उत्तर शोधले, त्यांनीच पुढे एका साध्या खाटेवर ते शोधून दाखवले. कण पुन्हा जागी सरकवण्याची युक्ती अमेरिकेतील जॉन एप्ली यांची, आणि तिलाही यंत्र लागत नाही.

याहून गंभीर प्रसंग म्हणजे तासन्‌तास न थांबणारी चक्कर. तिच्यामागे लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो. तिथे एमआरआय आवश्यकच. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात पहिल्या ४८ तासांतील एमआरआयने सुमारे १२ टक्के रुग्णांतील पक्षाघात हुकवला होता, तर डोळ्यांच्या हालचालींच्या तीन चाचण्यांनी तो ओळखला होता. स्कॅन निर्दोष आला म्हणून रुग्णाला घरी धाडण्यात किती धोका आहे, हे यावरून दिसते. अर्थात त्या चाचण्या त्यांत तरबेज असलेल्या तज्ज्ञांनी केल्या होत्या; घाईच्या अपघात विभागात तसा हात असलेला डॉक्टर असेलच असे नाही.

मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सने मुंबईस्थित ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेशी देशी बनावटीचा एमआरआय चाचणीसाठी बसवण्याचा करार केला. आयात यंत्रांवरील अवलंबन कमी करणे हा त्यामागचा हेतू आहे. या यंत्राची क्षमता १.५ टेस्ला आहे. पक्षाघात किंवा श्रवणाच्या चेतातंतूवरील गाठ शोधण्यास एवढी क्षमता पुरते. कानातल्या फुगलेल्या पिशवीची चित्रे मात्र आजही बहुतेक ३ टेस्लाच्या यंत्रांवरच घेतली जातात.