वार, हात आणि मीटर

परवा आपल्या सोसायटीतल्या एका मुलीला विचारलं, नऊवारी म्हणजे किती मीटर? ती म्हणाली, "आजोबा, नऊ!" नऊ नव्हे, सव्वाआठ. वार 36 इंचांचा, मीटर 39 इंचांहून थोडा जास्तच.

1956 साली दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत दुकानांतून वार हळूहळू गेला. मी तेव्हा साताऱ्यात प्राथमिक शाळेत होतो. कापडाचं दुकान म्हणजे चपला बाहेर, आत पांढरी गादी आणि दुकानदाराच्या हातात लोखंडी गज. त्यावरून कापड असं झरझर सरके की मोजणी डोळ्यांना दिसतच नसे. मग कात्रीने जरासा छेद, आणि टर्रकन फाडायचं! तो आवाज अजून कानात आहे.

आईचा मात्र गजावर विश्वास नव्हता. घरी आल्यावर ती कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताने मोजायची. दोन हात म्हणजे एक वार. एका दिवाळीला माझ्या सदऱ्याचं कापड चार बोटं कमी भरलं. दुकानात आमची उधारी होती, त्यामुळे आई काही बोलली नाही. शिंप्याने बाह्या आखूड केल्या. तो सदरा मी दोन वर्षं वापरला.

मीटर आला तेव्हा भाव वाढल्यासारखाच वाटे. मी पाटीवर हिशेब करून आईला समजावायचो. तिला तो पटायचाही. तरी दुकानात गेली की पहिला प्रश्न तोच, "वाराला कसं पडलं?"