बारा दिवस उपग्रहाच्या शाळेत

वर्गात नवे साधन आले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, हे चालवायचे कसे? दुसरा, आता शिक्षकाला काय काम उरले? तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कानी पडतो: या साधनामुळे शिक्षक स्वतः काही शिकला का? या प्रश्नाला आपल्या देशाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर हात घातला होता. त्या हकीकतीला आता सुमारे पन्नास वर्षे झाली. आजच्या शिक्षकांनी ती जाणून घ्यावी असे आम्हांला वाटते.

उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा तो प्रयोग ‘साइट’ या नावाने ओळखला जातो. डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल आणि प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक डॉ. एकनाथ चिटणीस यांनी ते काम तडीस नेले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत चार भाषांतून कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र या सहांत नव्हता. पण आपल्या सीमेला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. मुंबईत दूरचित्रवाणी केंद्र सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या धाडसाची कल्पना येते.

यातले तंत्रही समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी उपग्रहाचा संदेश पकडायला प्रचंड अँटेना लागे. पुण्याजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये उभारलेल्या भू-केंद्राची तबकडी जवळजवळ ३० मीटर व्यासाची होती. अशी तबकडी खेड्यातल्या शाळेवर कशी बसवणार? तेव्हा उलटा विचार केला गेला. ‘एटीएस-६’ या उपग्रहावरच सुमारे ९ मीटर व्यासाची, अंतराळात छत्रीसारखी उघडणारी अँटेना होती. तिच्यामुळे ३६,००० किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या लहरी चहूकडे न पसरता भारताच्या भूभागावर एकवटत. वर ताकद वाढली, म्हणून खाली काम सोपे झाले. गावात तारेच्या जाळीची ३ मीटरची तबकडी पुरली. जिथे वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालले.

सकाळी शाळेच्या वेळात प्रत्येक भाषेला सुमारे २२ मिनिटे मिळत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हे कार्यक्रम असत. पण पडद्याला वर्ग दिसत नाही. एखाद्या मुलाला शंका आली म्हणून चित्र थांबत नसे, आणि पहिलीपासून पाचवीपर्यंतची मुले एकाच सतरंजीवर बसलेली असत. पुढे झालेल्या पाहण्यांत मुलांच्या भाषेत आणि जिज्ञासेत वाढ आढळली. परंतु शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे घटले असे काही दिसले नाही. हे स्वाभाविकच होते. मूल शाळा सोडते त्याची कारणे घरात आणि शेतात असतात, ती पडद्याने कशी दूर व्हावीत?

याच प्रयोगात एक उपक्रम शिक्षकांसाठी होता, आणि आमच्या मते तोच अधिक मोलाचा. १९७५ च्या ऑक्टोबरात आणि १९७६ च्या उन्हाळ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान अध्यापनाचे बारा-बारा दिवसांचे वर्ग भरवले गेले. दोन्ही मिळून जवळपास अर्धा लाख शिक्षकांपर्यंत हे प्रशिक्षण पोहोचले. त्यात दूरचित्रवाणी होती, तसा रेडिओही होता. छापील साहित्य होते, हाताने करायच्या कृती होत्या आणि आपसांत चर्चाही होती. म्हणजे पडदा हा पाच बोटांपैकी एक होता. मूठ पाचांची मिळून झाली होती.

हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. समजा, पडद्यावर पेटती मेणबत्ती पेल्याखाली झाकली आणि ती विझली. पाहणारा म्हणेल, समजले. तोच प्रयोग शिक्षकाने स्वतः केला की पेला लहान-मोठा घेतल्यावर वेळ का बदलते, पाण्यात ठेवलेल्या पेल्यात पाणी का चढते, असे प्रश्न उभे राहतात. पाणी चढण्याचे ‘प्राणवायू संपला’ हे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही. तापलेली हवा थंड होऊन आकसते, हा त्यातला मोठा भाग, हेही शेजारच्या गुरुजींशी वाद घालताना लक्षात येते. चित्र उत्तर दाखवते. हात प्रश्न निर्माण करतात. वर्गात उद्या मुलांसमोर उभे राहायचे ते या प्रश्नांच्या बळावर.

करार संपला आणि उपग्रह परत अमेरिकेच्या सेवेत गेला. पुढे १९८० च्या दशकात इन्सॅट आले, १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली, २००४ मध्ये खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडला गेला. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे व्यासपीठ आले, आणि त्याच वर्षी ‘बालचित्रवाणी’ बंद झाली. २०२० पासून ‘निष्ठा’चे प्रशिक्षण भ्रमणध्वनीवर घेता येऊ लागले. पडदा दर पिढीला लहान, स्वस्त आणि जवळचा होत गेला. १९७५ मध्ये न थांबणारे चित्र आता बोटाने थांबते. ही सोय खरोखर मोठी आहे.

परंतु गावच्या संचासमोर एकत्र बसलेली शिक्षकांची मंडळी त्या लहान पडद्यासमोर राहिली नाहीत. आता प्रत्येक जण घरी एकटा पाहतो, प्रश्नावली सोडवतो, आणि प्रमाणपत्र मिळाले की विषय संपतो. प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आम्ही चौघे त्याच्याभोवती जमतो, ते कुठे फसवते ते आधी शोधतो, मगच त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवतो. शिक्षकाची वाढही अशीच, चारचौघांत आणि पडताळणीतून होते.

यासाठी नवा उपग्रह नको आणि निधीही नको. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत एकच चित्रफीत लावा. ती मध्येच थांबवा, पुढे काय होईल ते प्रत्येकाला लिहू द्या, मग तोच प्रयोग टेबलावर करा. जिथे पडदा आणि टेबल यांचे पटणार नाही, तिथून चर्चा सुरू करा. बारा दिवसांची ती शाळा एका दुपारपुरती तरी पुन्हा भरेल.