धाव, वंगण आणि आमच्या टेम्पोचा गंज



पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आज पिकाऐवजी गाडीबद्दल लिहितो. कच्च्या रस्त्यावर गाडी टिकवायची विद्या आपल्याकडे जुनी आहे, आपण ती मध्येच विसरलो.

१२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल सुटली. पण अर्नाळ्याच्या वाडीतली केळी स्टेशनापर्यंत न्यायची तर बैलगाडीच. खाली रेती, पुढे मातीची वाट. त्या गाडीचा वैरी पाणी नव्हतं, ऊन होतं. उन्हाळ्यात लाकूड आटायचं, आरे खुळखुळायचे, लोखंडी धाव सैल व्हायची. मग गाडीवान चाकं तळ्याच्या पाण्यात उभी करायचा. लाकूड फुगलं की धाव पुन्हा घट्ट. त्यानंही भागलं नाही तर लोहार धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, चाकावर चढवून वर पाणी ओतायचा. लोखंड आकसून सगळं चाक आवळून धरायचं. आणि गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. आस कुरकुरली की गाडीवान खाली उतरायचाच.

१८८८ मध्ये डनलॉपनं हवेचा रबरी टायर काढला. पुढे तो बैलगाडीलाही लागला, म्हणून आपण अजून तिला 'डनलॉपची गाडी' म्हणतो. सोबत बेअरिंग आलं. बैलांचा भार हलका झाला, कुरकुर थांबली. आणि आपलं खाली वाकून बघणंही थांबलं.

मीही त्यातलाच. चार पावसाळ्यांपूर्वी पहाटे सोनचाफा घेऊन निघालो. आगाशीच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचा पाटा चेसिसपासून सुटला. लोखंड गंजून पापड झालं होतं. दादरची गाडी चुकली, फुलं दुपारी काळी पडली. चूक माझीच. किनाऱ्यावरून आलो की वरून गाडी चकाचक धुवायचो, खालून कधीच नाही. लाकडाला तारणारं पाणी लोखंडाला खातं, आणि त्यात मीठ असलं तर ओल सुटतच नाही.

तेव्हापासून माझा नेम असा:

१. खाऱ्या पाण्यातून, रेतीतून आलो की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं चेसिस, पाटे आणि मडगार्डची आतली बाजू धुतो.

२. दरवाजाखालची पाणी निघायची भोकं काडीनं मोकळी करतो.

३. पावसाआधी खालून कोटिंग. पण आधी गंज खरवडून, गाडी पूर्ण सुकवून. ओल्यावर मारलं तर ओल आतच कोंडते.

४. ग्रीस निपलमध्ये नवं ग्रीस भरताना जुनं चिखलाचं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारतो.

५. एक्सलचे रबरी बूट बघतो. फाटला तर लगेच बदलतो, चिखल आत गेला की खर्च दहापट.

६. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वरचेवर काढून बघतो.

काहीजण खालून जळकं ऑइल मारतात. नका मारू. रबराचे बुश फुगून खराब होतात आणि ते ऑइल शेवटी आपल्याच वाडीच्या मातीत झिरपतं.

जुन्या गाडीवानाला आस ओरडून सांगायची. आपली गाडी गप्प राहते, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा आपणच टॉर्च घेऊन खाली वाकायचं.

तुमच्या घरी धाव चढवताना कुणी पाहिलं असेल तर जरूर सांगा.