चवदार तळ्याचा खटला : ओंजळीपासून उच्च न्यायालयापर्यंत

१/ २० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ही घटना सर्वश्रुत आहे. त्या पाण्यासाठी पुढे दहा वर्षे चाललेला खटला मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

२/ सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले, पण ते कागदावरच. सत्याग्रहानंतर स्पृश्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला.

३/ डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तत्पूर्वीच, १२ डिसेंबर रोजी, नरहरी दामोदर वैद्य आदींनी दावा दाखल केला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही पुरातन वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे. दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळाला.

४/ हजारो सत्याग्रही महाडात जमले होते. तरीही बाबासाहेबांनी न्यायालयाचा हुकूम मोडला नाही. प्रत्यक्ष पाणी घेणे तहकूब झाले. याच परिषदेत २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले.

५/ २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाईहुकूम उठला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला, १९३३ मध्ये ठाण्यात अपीलही फेटाळले गेले. वादी उच्च न्यायालयात गेले.

६/ १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी अंतिम निकाल दिला. तळे नगरपालिकेचे ठरले. उरला प्रश्न वहिवाटीचा. कायद्याच्या दृष्टीने वहिवाट अनादि काळापासूनची असावी लागते आणि ती सिद्ध करण्याचा भार वादींवर असतो. तो त्यांना पेलला नाही.

७/ येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ‘सर्व माणसे समान आहेत’ असे या निकालाने म्हटले नाही. अशी वहिवाट मुळात न्याय्य आहे काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. पुरावा अपुरा ठरला, म्हणून दावा पडला. पुरावा भक्कम असता तर? ही टांगती तलवार निकालानंतरही कायम होती.

८/ त्याच सुमारास अमेरिकेत १८९६ चा प्लेसी खटल्याचा निकाल लागू होता : ‘वेगळे, पण समान’. शाळांपुरते हे तत्त्व १९५४ मध्ये ब्राउन खटल्याने मोडीत काढले. तेथे न्यायालयाने समतेच्या घटनात्मक हमीचा आधार घेतला. १९३७ च्या महाडकरांपाशी तशी हमीच नव्हती.

९/ ती हमी १९५० मध्ये आली. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ मध्ये तर विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष होते याच खटल्यातील प्रतिवादी, भीमराव रामजी आंबेडकर. पाण्याचा हक्क आता कुणाच्या वहिवाटीच्या पुराव्यावर अवलंबून राहिला नाही.