खेळाडू, खटला आणि भाकरी

खेळाडूची कारकीर्द वयाने संपते, दुखापतीने संपते, कधी गुन्हा शाबीत होऊनही संपते. यात नवल नाही. परंतु गुन्हा शाबीत होऊनही ती पुन्हा सुरू व्हावी आणि खटला उभा न राहताही ती बुडावी, असे दोन्ही प्रकार क्रिकेटच्या अलीकडच्या इतिहासात घडले आहेत. त्या इतिहासाकडे आम्ही कामगाराच्या नजरेने पाहणार आहोत.

कामगार चळवळीतल्या माणसाला क्रिकेटचे काय, अशी शंका कोणी घेईल. आपला हा पट्टा कामगारांचा. शहाडचे रेयॉन, अंबरनाथची आयुध निर्माणी, एकेकाळचा विमकोचा काडेपेटी कारखाना यांच्या भोंग्यांवर येथील घरे चालली. याच घरांतील मुले खांद्यावर किटची पिशवी टाकून पहाटेची लोकल पकडतात. बदलापूर ते बोरीबंदर हे अंतर सुमारे 68 किलोमीटर. तेथील आझाद मैदानावर कंगा लीगचा एखादा सामना मिळावा, एवढ्यासाठी ही धडपड असते. पूर्वी या धडपडीच्या शेवटी नोकरी असे. टाइम्स शील्ड ही कचेऱ्यांची स्पर्धा. तिच्यासाठी बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकरीवर घेत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते. खेळ गेला तरी टेबल आणि पगार राहत असे. 2008 साली आयपीएल आली आणि खेळ हाच रोजगार झाला. पैसा वाढला, पण पायाखालची फळी पातळ झाली.

आता प्रकरण पाहू. अंकित चव्हाण हा मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज. रणजी करंडकात मुंबईकडून खेळलेला, आयपीएलमध्ये राजस्थानच्या संघात. 16 मे 2013 रोजी दिल्ली पोलिसांनी त्याला श्रीशांत आणि अजित चंडिला या संघातील सहकाऱ्यांसह अटक केली. सट्टेवाल्यांशी संगनमत करून षटकात ठरवून धावा दिल्या, असा पोलिसांचा आरोप होता. टोळीवाल्यांसाठी महाराष्ट्राने 1999 साली केलेला मोक्का कायदाही पुढे लावण्यात आला. चव्हाण तेव्हा 27 वर्षांचा होता. क्रिकेट नियामक मंडळाने आपली स्वतंत्र चौकशी केली आणि 13 सप्टेंबर 2013 रोजी श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घातली.

25 जुलै 2015 रोजी दिल्लीच्या न्यायालयाने सर्व 36 आरोपींना दोषमुक्त केले. आरोप निश्चित करण्यापुरताही पुरावा न्यायालयास दिसला नाही. पोलिसांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. परंतु मंडळाने कशाचीही वाट न पाहता बंदी कायम ठेवली.

याच्या शेजारी लंडनचा खटला ठेवून पाहावा. 2010 साली लॉर्ड्सवर ठरवून नो-बॉल टाकल्याबद्दल पाकिस्तानच्या तीन खेळाडूंना नोव्हेंबर 2011 मध्ये तेथील न्यायालयाने तुरुंगवास दिला. त्यांतील मोहम्मद आमिरला सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी होती. ती भोगून तो 2016 साली पुन्हा देशासाठी खेळला. 18 जून 2017 रोजी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात रोहित, कोहली आणि धवन यांना त्यानेच बाद केले, हे आपण सर्वांनी पाहिले. ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो परतला. ज्याच्यावर आरोपही निश्चित झाला नाही तो त्या दिवशी घरी बसून होता. हा न्याय कोणत्या तराजूचा?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. न्यायालयाने सोडले म्हणजे मालकाची चौकशी आपोआप रद्द होते, असे नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शिस्तभंगाच्या चौकशीत पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढेच पाहतात. प्रत्येक कारखान्याच्या दारावर कामगाराला हा धडा शिकावा लागतो. आणि पैसे घेऊन खेळणारा प्रेक्षकांना फसवतो, हेही खरेच. तेव्हा शिस्त नको, असे आम्ही म्हणत नाही.

परंतु त्या चौकशीलाही मर्यादा आहेत. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका सुरक्षा अधिकाऱ्याला कामावरून काढले होते. निर्वाहभत्ता न मिळाल्याने चौकशीस जाण्यापुरतेही पैसे त्याच्याजवळ नव्हते. चौकशी त्याच्या पाठीमागे उरकली. त्याच आरोपातून न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले होते. 1999 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला पुन्हा कामावर घ्यायला लावले. दुसरी मर्यादा शिक्षेच्या मापाची. 1971 साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11-अ घातले गेले. चूक झाली असली तरी बडतर्फी फार जड आहे असे दिसले, तर ती हलकी करण्याचा अधिकार त्या कलमाने कामगार न्यायालयांना दिला. हे कलम कोणी दान दिले नाही. त्यामागे कितीतरी बडतर्फ कामगारांच्या घरांतील विझलेल्या चुली आहेत.

क्रिकेटपटूला असे न्यायालय नव्हते. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, म्हणून 15 मार्च 2019 रोजी तेच तत्त्व मैदानावर पोहोचले. दोषाचा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला. परंतु मंडळाच्या नियमांत पाच वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षेची सोय असता, परिस्थितीचा विचार न करता सर्वांत मोठी शिक्षा देणे योग्य नव्हे, असे सांगून ती रद्द केली. श्रीशांतची बंदी सात वर्षांवर आली. चव्हाणचीही पुढे तितकीच झाली, म्हणजे ती सप्टेंबर 2020 मध्येच संपत होती. पण ती उठल्याचे 2021 च्या जूनमध्ये कळवण्यात आले. तोवर तो 35 वर्षांचा झाला होता. गोलंदाजाची ऐन उमेदीची वर्षे कोणत्याही निकालाने परत मिळत नाहीत.

संघांचे काय झाले? लोढा समितीने 14 जुलै 2015 रोजी चेन्नई आणि राजस्थान हे संघ चालवणाऱ्या कंपन्यांना दोन वर्षांसाठी निलंबित केले. दोन व्यक्तींवर आजन्म बंदीही आली, हे खरे. पण संघ 2018 साली पुन्हा मैदानात उतरले. कंपनीला वय नसते, माणसाला असते. म्हणून सारख्या दिसणाऱ्या शिक्षासुद्धा सारख्या नसतात.

या इतिहासात आम्हांस एक रिकामी जागा दिसते. अटकेपासून शेवटच्या पत्रापर्यंत चव्हाणच्या बाजूने बोलणारी खेळाडूंची संघटना कोठेच नाही. 2019 साली क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, तीही निवृत्तांची. खेळत्यांना तिच्यात जागा नाही. कारखान्यात चार्जशीट आली, तर निदान शेजारी बसणारा एक सहकारी मागता येतो. लाखो प्रेक्षकांसमोर खेळणारा तरुण मात्र चौकशीच्या खोलीत एकटाच जातो.

आपल्या घरातून मूल किटची पिशवी घेऊन निघते तेव्हा त्याला सचोटी शिकवावी, हे आईबापांचे काम आहेच. परंतु तो ज्या धंद्यात शिरतो आहे तेथे त्याचे म्हणणे कोण ऐकेल, शिक्षेचे माप कोण तपासेल आणि दाद कोठे मागता येईल, हेही आईबापांनी विचारावे. हे प्रश्न गिरणी कामगाराने विचारले, तेव्हाच त्याला उत्तरे मिळाली. खेळाडूनेही आपण कामगार आहोत हे ओळखून, सगळे ठीक चालले असतानाच ते विचारायला हवेत.