रहूची पेर

आमच्या अलिबागच्या खारेपाटात मातीच खारट. उन्हाळ्यात शेतावर पांढरी पापडी धरायची. 1948 मध्ये खारजमिनींचा कायदा झाला, पुढं सरकारी बांध आले. त्याआधी बांध म्हणजे गावानं डोक्यावरून वाहिलेला चिखल. उधाणात खांड पडली की खाडी थेट शेतात. अशा मातीत कोरडं बी टाकून काय उपयोग? मिठामुळं बियाला पाणीच ओढता येत नाही.

म्हणून रहू. आजी राता भाताचं बी दिवसभर गोड्या पाण्यात भिजवायची, निथळून पेंढ्यात दाबायची, वर दगड. दोन दिवसांत मोड. "हात घाल बघू. ऊन लागतंय ना? म्हंजे उठलं," म्हणायची. मग चिखलात फेकायचं. पण त्याआधी पावसानं मीठ धुतलेलं हवं. घाई केली की मोड जळालाच. शास्त्रज्ञांचं प्रायमिंग याचंच चुलत भावंड, फक्त तिथं मोड फुटायच्या आधी बी सुकवतात.

एका वर्षी खांड पडून पहिली रहू गेली. घरात भाताची एकच कणगी उरलेली, खायलाही तीच. आजीनं कुणाला न विचारता अर्धी भिजत घातली. भादव्यात आम्ही नुसती पेज प्यायलो. शेत उशिरा निसवलं, पण निसवलं.