एक्स-रे लेसर म्हणजे काय? इंदूरमध्ये काय आहे, काय नाही?

वडसा म्हणजे देसाईगंजच्या बांध्यांमधलं धान उन्हात दिवसभर एक काम करत असतं: पाण्याचा रेणू फोडून ऑक्सिजन हवेत सोडणं. हे काम पानातल्या एका प्रथिनात होतं. तिथे चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन अणूंचा इवलासा पुंजका असतो. तो बघायला एक्स-रे लागतात. पण नेहमीच्या एक्स-रेने चित्र पूर्ण होईपर्यंत तो पुंजकाच बिघडू लागतो.

जपानी संशोधकांनी यावर तोड काढली ती 'साक्ला' या एक्स-रे लेसरने. त्यांनी धानाऐवजी हेच प्रथिन असलेले सूक्ष्म जीव वापरले आणि बिघाड न झालेल्या पुंजक्याची रचना २०१५ मध्ये जाहीर केली. एका सेकंदाचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी. साक्लाचा झोत साधारण एवढाच वेळ टिकतो. नमुना खराब होतोच, पण त्याआधी चित्र मिळालेलं असतं!

हा झोत तयार कसा होतो?

इलेक्ट्रॉनना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवायचं आणि चुंबकांच्या लांब रांगेतून न्यायचं. आलटून पालटून लावलेल्या उत्तर-दक्षिण ध्रुवांमुळे ते नागमोडी जातात आणि प्रकाश सोडतात. सुरुवातीला प्रत्येकाचा ठेका वेगळा असतो. पुढे त्यांच्याच प्रकाशाच्या रेट्याने त्यांचे बारीक थर तयार होतात आणि सगळे एका ठेक्यात येतात. दंडारीत सगळ्यांचे पाय एकदम पडले की आवाज घुमतो ना, तसंच. हे इलेक्ट्रॉन कुठल्याही अणूला बांधलेले नसतात, म्हणून नाव 'फ्री-इलेक्ट्रॉन लेसर'. कल्पना जॉन मेडी यांची, १९७१ ची. एक्स-रेपर्यंत पोहोचायला मात्र २००९ उजाडलं, तेही अमेरिकेत.

मग इंदूरमध्ये काय आहे?

तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' ही एक्स-रे देणारी वर्तुळाकार यंत्रणा आहे. पण तिथे इलेक्ट्रॉन एका ठेक्यात नसतात. याच केंद्रात फ्री-इलेक्ट्रॉन लेसरही आहे, फक्त तो इन्फ्रारेड प्रकाशाचा. (या दोन्हींची गल्लत होऊ शकते.)

इन्फ्रारेड प्रकाश दोन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरवून वाढवता येतो. एक्स-रे साध्या आरशाला जुमानत नाहीत, त्यामुळे सगळी वाढ एकाच फेरीत करावी लागते. त्यासाठी इलेक्ट्रॉनचा झोत कमालीचा बारीक आणि चुंबकांची रांग खूप लांब हवी. जर्मनीतल्या हॅम्बुर्गजवळचा 'युरोपियन एक्सफेल' म्हणूनच ३.४ किलोमीटर लांब आहे. त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १७.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जाते. इंडस-२ मध्ये ती २.५ आहे.

भारतात अजून एक्स-रे लेसर नाही. तरी इंदूरच्या इन्फ्रारेड यंत्राला दुय्यम समजू नये असं मला वाटतं. इलेक्ट्रॉनना एका ठेक्यात आणण्याची तालीम तिथेच चालू आहे. एक्स-रेसाठी तीच तालीम लागणार, फक्त ठेका हजारो पटींनी बारीक.